उलट्या आट्यांचा रेणू

संशोधन संस्थेत तिला सगळे सावलीबाई म्हणत. नाव चेष्टेत पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. सव्वीस वर्षं ती शास्त्रज्ञांसाठी चित्रं काढत होती. आधी शाईच्या पेनाने आणि पन्नाशी उलटल्यावर संगणकावर. तिथेही बाईंनी नाकी नऊ आणणारं सॉफ्टवेअरच निवडलं. प्रकाशाचा एकेक किरण रेणूवर कुठे आपटतो, कुठून परततो, याचं गणित करत ते चित्र घडवतं. एका चित्राला चार-चार तास लागतात. पण सावली पडते ती खरी, आणि खोट्या सावलीचं तिला वावडं होतं.

यंदा तिने काढलेलं एका प्रथिनाचं चित्र मोठ्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर येणार होतं, आत तिच्या नावासकट. आजवर चित्रं छापली गेली शेकड्यांनी, नाव एकदाही नाही. चित्र पाठवून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याची प्रिंट चहाबरोबर नवऱ्यापुढे ठेवली.

नवरा कारखान्यात फिटर. प्रथिनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने चष्मा चढवला, रेणूच्या पिळावरून बोट फिरवलं.

"हे आटे उलटे का गं?"

"काहीतरीच काय!"

"अगं, स्क्रू असा नसतो. हा आवळायला गेलीस तर सुटेल."

ती हसली, आणि हसता हसता तिने प्रिंट स्वतःकडे ओढली. काल नियतकालिकाच्या मांडणीकाराने शीर्षकासाठी डावीकडे जागा मागितली होती. घाईघाईत तिने आख्खं चित्रच आरशात दिसावं तसं पलटवलं होतं. जागा झाली, पण उजवा पीळ डावा झाला. हा पीळ उजवा असतो, हे कॉलेजातली पोरंही सांगतील.

नऊ वाजता ती विभागप्रमुखांसमोर उभी होती.

"अहो, दोन वाजता छपाईला जातंय," ते म्हणाले. "आता हात लावलात तर ते दुसऱ्या कुणाचं चित्र घेतील. राहू द्या ना. कोण बघतंय?"

"माझ्या नवऱ्याने बघितलं. चहा पिता पिता."

तिने स्वतःच फोन लावला. "चूक माझी आहे. दोनच्या आत नवं चित्र देते. नाही जमलं, तर दुसऱ्याचं छापा." तिला ते नाव हवं होतं, फार हवं होतं.

रेणूला तिने हात लावला नाही; संगणकातला मूळ रेणू बरोबरच होता, उलटं झालं होतं ते चित्र. डावीकडे शीर्षकाला जागा राहील असा सॉफ्टवेअरमधला कॅमेरा सरकवला, दिवा हलवला, रेणूमागचा काचेसारखा पडदा काढून टाकला, कारण त्यातच तासभर गेला असता. सावलीत काटछाट केली असती तर काम झटपट उरकलं असतं. ते काही तिच्याच्याने होईना. डबा न उघडता ती संगणकावर चित्राची एकेक ओळ उमटताना बघत बसली. पावणेदोनला शेवटची ओळ आली. तिने उजव्या हाताची मूठ अंगठा वर धरून पिळाबरोबर फिरवून पाहिली आणि चित्र पाठवलं.

महिन्याभराने अंक आला. तिने तो चहाशेजारी ठेवला. नवऱ्याने चष्मा चढवला, मुखपृष्ठावर बोट ठेवलं, मनगट सावकाश फिरवलं.

"हां. आता आवळतोय."

आतलं तिचं नाव त्याने मग वाचलं, मोठ्याने, दोनदा.