खोक्यातच राहिलेली करवत

गटातल्या मंडळींनो, लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या.

दतिया गेटजवळच्या ज्या हॉलची मी राखण करतो, तिथे आज गरौठ्याकडच्या वनमजुरांचे प्रशिक्षण होते. झाडे कापायची पेट्रोलवरची करवत शिकवायची होती. शिकवायला आलेले साहेब सकाळभर पडद्यावर चित्रे दाखवत बोलले. करवत खोक्यातच राहिली.

कल्लू नावाचा मजूर उठून म्हणाला, "साहब, एक बेर चला कें तो दिखा दो."

साहेब म्हणाले, "नई मशीन है, गंदी हो जाएगी. पर्चे में सब लिखा है."

"पढ़बो आउत तो हम कुर्सी पे बैठे होते, साहब."

वाचता आले असते तर आम्हीच खुर्चीवर बसलो असतो, असे कल्लूचे म्हणणे. सगळे हसले, साहेबसुद्धा. मग सर्वांना हेल्मेट घालून फोटो काढला आणि हेल्मेट पुन्हा पोत्यात भरली.

मला हसू आले नाही. मी चौथीत शाळा सोडलेली. हातात कागद देऊन माणसाला कसे वाटेला लावतात, ते मला ठाऊक आहे.

उद्यापासून कल्लूने हीच करवत जंगलात चालवायची आहे. पाय कापला गेला तर हाच फोटो दाखवून म्हणतील, याला शिकवले होते.

सकाळी करवत न्यायला गाडी येईल. मजूर आज हॉलच्या ओसरीवरच मुक्कामाला आहेत. करवत हॉलमध्ये कुलपात आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. नोकरी जाऊ शकते, तरी शिकवणारा आल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही.

रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले तुमच्यात इतके जण आहेत. अशी करवत कोणी चालवली आहे का? सकाळी गाडीच्या आधी येऊन यांना चालवून दाखवाल?