मूठभर कच्चं बी

आमच्या स्वयंपाकघरात देवाच्या तसबिरीशेजारी अन्न परवाना चौकटीत लावलेला आहे. समोर दिसेल असा लावायचा, असा नियमच आहे. पण नियम नसता तरी मी तो लावलाच असता. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये चटण्या कुटणाऱ्या बाईला उद्योजिका म्हणवून घ्यायला तेवढाच एक आधार असतो.

जवस, कारळे, तीळ या माझ्या जुन्या चटण्या. हेम्पची नवी. हेम्प म्हणजे भांगेच्या भावकीतलं झाड. त्याच्या बियांनी नशा होत नाही, उत्तराखंडाकडे लोक त्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात. काही वर्षांपूर्वी सरकारनं हे बी खाण्याचा पदार्थ म्हणून मान्य केलं आणि जिमला जाणाऱ्या मंडळींनी ते डोक्यावर घेतलं. मी तिकडच्या परवानाधारकाकडून पोतं मागवते, भाजते, कुटते, पुड्या भरते. पुडीवर काय छापायचं आणि काय नाही याचे सतरा सोपस्कार असतात. कायदा मोठा गमतीचा आहे. बी अन्नखात्याचं, पान दारूच्या खात्याचं, आणि तेच झाड आपल्या रानात उभं राहिलं की पोलिसांचं. प्रदर्शनातल्या स्टॉलवर हे सांगून मी हशा मिळवायचे. आता सांगत नाही.

माझ्याकडे रोज सकाळी फुलं घेऊन एक मावशी येतात. मखमलाबादच्या बाजूला त्यांचं थोडं रान आहे. झेंडू, शेवंती आणि बांधाला मेथी-कोथिंबीर. मुलगा पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला असतो, सुनेलाही तिकडेच नेलं आहे. इथे मावशी आणि त्यांची नात. नात पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे ग्राउंडवर पळते, दुपारी अभ्यासिकेत बसते. त्या घरात दुसरा विषय नसतो. फुलं मोजून देतानाही मावशी तिचा गोळा किती लांब गेला ते सांगतात.

मावशींची एक रीत आहे. घरात कुठलंही नवं बी आलं की त्यातलं थोडं आधी मातीत टाकायचं, मगच बाकीचं तोंडात घालायचं. बियाला उपाशी मारू नये, असं त्यांची सासू सांगायची म्हणे. एकदा मी त्यांना खायला जवस दिलं, तर थंडीत त्याची निळी फुलं माझ्याच परडीत घालून आणली होती. म्हणजे ही रीत मला ठाऊक होती. पुढच्या गोष्टीत मला लपायला जागा नाही ती यामुळे.

पाऊस लागून थोडे दिवस झाले होते. मावशींचे गुडघे धरले होते, त्या दारात बसकण मारून बसल्या. मला कणव आली आणि मी पोत्यातलं हेम्पचं बी मूठभर काढून दिलं. कच्चं. कच्चं बी कुणाच्या हातात पडू द्यायचं नाही, भाजलेलं उगवत नाही, कच्चं उगवतं, असं पाठवणाऱ्यानं मला फोनवर दोनदा बजावलं होतं. पण कढई घासून पालथी घातलेली होती आणि मूठभर दाण्यांसाठी पुन्हा गॅस पेटवायचा मला कंटाळा आला. घरी भाजा आणि गुळाबरोबर खा, असं सांगून मी मोकळी झाले. भांगेच्या जातीचं आहे, हेही मी सांगितलं, लपवलं काही नाही. तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या परवान्याकडे पाहिलं.

"सरकारी हाय ना ताई?"

"सरकारमान्य आहे मावशी. निर्धास्त राहा."

किती ऐटीत म्हणाले होते मी ते.

दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी झेंडूच्या परडीत वरती एक हिरवी डहाळी ठेवून आणली. लांबट, दातेरी, हाताच्या पंजासारखी पानं. तुमच्या बियाचं झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं, असं त्या कौतुकानं सांगत होत्या. लाज वाटते, पण त्या क्षणी मनात मावशी आल्या नाहीत. आधी भिंतीवरचा परवाना आला. मग नात आली. मावशी सगळ्यात शेवटी.

त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी रानात गेले. झेंडूच्या कडेला ओळीनं झाडं उभी होती, खुरपलेली, माती लावलेली, तुरे धरू लागलेली. मावशींनी ती जिवापाड वाढवली होती. मी म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता उपटायचं. त्यांना कळेना. तुम्हीच तर सरकारमान्य म्हणालात, असं त्यांनी दोन-तीनदा म्हटलं. भांडायला नाही, खरंच समजून घ्यायला.

"पुडीतलं बी सरकारला चालतं आन रानातलं नाय?"

मी खात्यांची नावं सांगू लागले आणि निम्म्यात थांबले. शेवटी एवढंच सांगितलं की याला पोलीस धरतात, जामीनसुद्धा सहज मिळत नाही.  त्यांनी पदर खोचला आणि त्या झाडं ओढायला लागल्या. गुडघे धरलेली बाई वाकून झाडं उपटत होती आणि मी उपटलेली खताच्या खड्ड्यात टाकून वर शेण लोटत होते. ज्या हातानं लावलं त्याच हातानं उपटायला लावलं मी.

शेवटची झाडं खड्ड्यात पडत होती तेवढ्यात नात ग्राउंडवरून आली. गांजाच्या धाडीच्या बातम्यांत असली झाडं तिनं पाहिलेली. ती बांधावरच थबकली, रंग उतरला तिचा. हे कुठून आलं, असं तिनं आजीला विचारलं. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, निदान मी स्वतःला तसं सांगते. पण मावशी आधी बोलल्या.

"बाजारातल्या बियात आलं आसंल. मला काय कळतंय त्यातलं."

नात माझ्याकडे वळली. तुम्ही बियांचंच काम करता ना काकू, तुम्हाला ओळखू आलं नाही का, असं म्हणाली.

"मी आज पहिल्यांदाच रानात आले बाई. पाहिल्यावर लगेच ओळखलं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. इतकं खरं बोलून इतकं खोटं मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

पोर रडली. केस झाली असती तर चारित्र्य पडताळणीत काय झालं असतं, आजीला न्यायला गाडी आली असती तर तिनं कुणाच्या पाया पडायचं, सगळं रडत रडत बोलली. मग डोळे पुसून आजीला बजावलं की यापुढं मला दाखवल्याशिवाय एक दाणाही पेरायचा नाही. मावशींनी मान हलवली. लोण्यातून केस काढावा तसं त्यांनी मला त्यातून अलगद बाहेर काढलं होतं, आणि मी निघालेही. स्कूटर सुरू केली आणि घरी आले.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना दारात धरलं. नातीला मी स्वतः सांगते, म्हटलं. त्या घाईनं नको म्हणाल्या. तिचा राग आता निवत चाललाय, तुम्ही बोललात तर मी तिच्यापुढं खोटी पडेन. मला तर सुटल्यासारखंच झालं, आणि सुटल्यासारखं झालं याचा त्रास अजून होतो. रात्री नाही, दिवसाच होतो, बी भाजताना. हल्ली एक दाणा उडून ओट्यावर पडला तरी उचलून पुन्हा कढईत टाकते. चोरी झाल्यावर कुलूप लावणं आहे हे, मला कळतं.

परवा मी मुद्दाम वाटीभर धने काढून ठेवले. गावाकडचे, टपोरे. पूर्वी मावशींनी ते बघताच पदराच्या टोकाला बांधले असते. धने रगडून कोथिंबीर पेरणं त्या पोर असल्यापासून करत आल्या आहेत. त्यांनी वाटी हातात घेतली, बोटांनी दाणे चिवडले, एक वासाला धरला. मग विचारलं, हे पेरलेलं चालतं का?

"धनेच आहेत मावशी. खुशाल पेरा."

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, जपून, एक दाणा सांडू न देता.

"तुमी नका सांगू, ताई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पोरीला इचारते."