वॉल्टरच्या पोर्चवर ठेवलेलं प्रस्थान

ऐकायचं तर ऐका, पण आधी शब्द द्या. आपल्या भजनी मंडळात यातलं एक अक्षरही जाता कामा नये. तिथे मला अजून थोडाफार मान आहे. शनिवारचं निरूपण मी करतो, "मन स्थिर असावं" हे सगळ्यांना मीच सांगतो. त्याच माणसाने एका गुरुवारी सबंध घराचे बूट घालवले, हे कळलं तर पुढच्या शनिवारी माझ्यासमोर बसेल कोण?

तर झालं असं. आम्ही राहतो अमेरिकेत, पूर्वेकडच्या श्रूजबरीला. मुलगा श्रीरंग, सून मुग्धा, नात ईरा आणि मी. एप्रिलमध्ये ईराच्या शाळेला सुट्टी लागते, तेव्हा युटाला जायचं ठरलं. तिथे म्हणे लाल दगडांचं वाळवंट आहे, त्यात खोल खोल दऱ्या आहेत, आणि त्या दऱ्यांतून दिवसभर पायी हिंडायचं!

मी विचारलं, "तिथे देऊळ आहे का?" नाही. "कुणा सत्पुरुषाची समाधी?" तीही नाही. "मग चालायचं कशासाठी?"

"चालण्यासाठीच, बाबा," मुग्धा म्हणाली.

मी गोंधळलो. माझ्या लेखी वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू, टाळ, मृदंग आणि देहभान विसरलेले वैष्णव. इथे मात्र जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले. श्रीरंगाने पाठीला एक पाण्याची पिशवी बांधली, तिची नळी तोंडात धरली आणि पाणी ओढत ओढत घरभर फिरू लागला. मला क्षणभर वाटलं, याला सलाईन लावलंय की काय!

पण मुग्धासाठी ही गंमत नव्हती, हे आधी सांगायला हवं. आदल्या हिवाळ्यात ती ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरली आणि तिचा घोटा मोडला. कितीतरी दिवस ती कुबड्या घेऊन वावरली. तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला होता, की वसंतात त्या दरीत स्वतःच्या पायांनी उतरायचं. डॉक्टरांनी होकार दिला, तो एका अटीवर. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवेत, आणि आत खास तिच्या पायाच्या मापाने बनवलेले तळवे. ते तळवे तयार होऊन यायलाच अर्धा हिवाळा गेला. मग ती रोज ते बूट घालून घरातला जिना चढायची, उतरायची. बूट असतील तर दरी, नाहीतर घर.

आता माझं ऐका. विमान होतं शुक्रवारचं. युटा आमच्या पश्चिमेला. आणि शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल! त्या वारी त्या दिशेला प्रवासाला निघू नये, हे आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेलं. मी जेवताना हळूच विषय काढला.

"विमान गुरुवारचं नाही का मिळणार?"

श्रीरंगाने हातातला घास खाली ठेवला. "बाबा, आता तिकिटं कॅन्सल करू?"

मुग्धाने तर हातच जोडले. "बाबा, तुमचे उपास सांभाळते, सोवळं सांभाळते, काही म्हणते का मी? या एका ट्रिपला मुहूर्त नको. प्लीज!"

"नको म्हणतेस तर नको," मी म्हणालो.

पण मन ऐकतंय होय? त्या घोट्याची काळजी मलाही होतीच की! आणि आपल्या शास्त्राने यावर तोड काढून ठेवलेली आहे. निघायचा दिवस वाईट असेल, तर आदल्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे प्रवाशाची एखादी वस्तू हळदकुंकू लावून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी जाता जाता वस्तू उचलायची. पथ्यं दोनच. ठेवायला जाताना कुणी "कुठे निघालात?" असं विचारता कामा नये, आणि ठेवलेली वस्तू प्रवासाआधी परत घरात येता कामा नये.

गुरुवारी सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले. मी पूजा आटोपली. वस्तू कोणती ठेवावी? प्रवास पायांचा, तेव्हा पायातलीच! दाराशी चौघांचे बूट ओळीने मांडलेले होते. तिघांच्या बुटांना मी ओलं कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. स्वतःला स्वतः काय कुंकू लावायचं, म्हणून माझे तसेच ठेवले. सगळे एका जुन्या चादरीत बांधले.

पश्चिमेचा शेजारी म्हणजे वॉल्टर. माझ्याच वयाचा, एकटा, नेमाने चर्चला जाणारा भाविक माणूस. तो "कुठे?" नावाचा प्रश्न टाळावा म्हणून मी मौन धरलं आणि गाठोडं घेऊन निघालो.

पोर्चवर पोचतो तो काय! तिथे आधीच गाठोडी ठेवलेली! पिशव्या, खोकी, बोचकी! एवढ्यात समोरच्या घरातल्या बाई आल्या, मुकाट्याने एक पिशवी ठेवली, माझ्याकडे पाहून मंद हसल्या आणि गेल्या. तोंडातून एक शब्द नाही!

मी माझं गाठोडं त्यांच्या ओळीत ठेवलं. आपण उगाच म्हणतो, या देशात रीतभात नाही. अहो, सुट्टी लागणार, सगळी आळी गावाला जाणार, म्हणून प्रत्येक जण प्रस्थान ठेवून जातोय! समोरच्या बाईंना वॉल्टरचं घर पश्चिमेला येत नाही, हे मनात आलं होतं. पण त्या कुठे निघाल्यात हे मी कोण विचारणार? तेच तर विचारायचं नसतं! दारावर एक पाटीही होती. चष्मा घरी राहिला होता. पण भाव कळल्यावर अक्षरं कशाला वाचायची?

तेवढ्यात वॉल्टर बाहेर आला. गाठोडं उघडून पाहिलं.

"ऑल धिस? आर यू शुअर?"

मी हात जोडले आणि मान डोलावली. त्या सज्जनाचे डोळे पाणावले. आत जाऊन त्याने मेपल सिरपची बाटली आणली आणि माझ्या हातात दिली. निघताना हातावर दहीसाखर घालतात, तसं यांच्यात हे घालत असतील, असं मी समजलो. घरी येऊन दोन थेंब तळहातावर घेतले आणि तीर्थासारखे प्राशन केले.

दुपारी खिडकीत नाम घेत बसलो होतो. वॉल्टरच्या दाराशी एक पांढरी व्हॅन थांबली. दोघे जण उतरले, भराभर गाठोडी आत घालू लागले. माझी चादरही गेली! मी म्हटलं, शेजारधर्म किती पुढचा, पाहा. प्रस्थान नुसतं ठेवून घेत नाहीत, वाटेला लावून देतात! पण व्हॅन वळली आणि मी ताडकन उठलो. ती पूर्वेला चालली होती!

"अहो, उलट! पश्चिमेला! पश्चिमेला!" मौन मोडून, घरातल्या सपाता घालून मी धावत सुटलो. व्हॅन वळणाआड दिसेनाशी झाली.

लक्षात घ्या, बूट गेले ही काळजी मला अजून शिवलीच नव्हती. मला काळजी दिशेची!

संध्याकाळी मुग्धा आली आणि दारातच थबकली.

"बाबा, माझे बूट?"

"ते निघाले."

"निघाले म्हणजे?"

"आपल्या आधी. पश्चिमेला. म्हणजे ठेवले पश्चिमेला, पण गेले पूर्वेला."

मग मी सगळं सांगितलं. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिने आपल्या घोट्यावर हात ठेवला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. श्रीरंग म्हणाला, "बाबा, यार..." आणि थांबला. जन्मात पहिल्यांदा मुलाने मला यार म्हटलं, आणि रागवायचीही माझी सोय नव्हती.

ईरा पळत जाऊन वॉल्टरची पाटी वाचून आली. "आजोबा! इट्स फॉर द चर्च सेल! यू डोनेटेड अवर शूज!"

"छे! मी प्रस्थान ठेवलं! समोरच्या बाईंनीही ठेवलं!"

"आजोबा, शी डोनेटेड हर टोस्टर!"

टोस्टर! प्रवासाला कोण टोस्टर ठेवेल? हे तेव्हाच मनात यायला हवं होतं.

सेल चर्चच्या हॉलमध्ये सुरूही झाला होता. आम्ही पोचलो तेव्हा एक आजी आमच्या चादरीत काचेचे ग्लास गुंडाळत होत्या. मुग्धा एकेक टेबल धुंडाळत लंगडत पुढे चालली होती. हो, घाईत ती अजून लंगडते. तिच्या मागून चालताना मी देवाला एवढंच म्हटलं, माझा मान ने, चादर ने, पण तो एक जोड राहू दे.

"मम्मी!" ईरा कोपऱ्यातून ओरडली.

टाकून द्यायच्या सामानाच्या खोक्यात तीन जोड पडले होते. तिथल्या बाई ओशाळून म्हणाल्या, हे विकायला मांडता आले नाहीत. यांच्यावर लाल डाग आहेत आणि कसल्याशा किड्याने अंडी घातली आहेत.

अक्षता हो! माझ्या अक्षता!

मुग्धाने बुटांत हात घालून तळवे चाचपले. दोन्ही जागेवर होते. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी जरा छाती पुढे काढली. "पाहिलंस? कुंकवाने राखलं!"

"बाबा, तुम्ही गाडीत जाऊन बसा."

आणि माझे बूट? ते स्वच्छ, कोरे, बिनकुंकवाचे. पहिल्या टेबलावर मांडले आणि लगेच विकले गेले.

परत येताना आळीच्या तोंडाशी वॉल्टर फिरायला निघालेला दिसला. पायांत माझे बूट! खिडकीशी वाकून म्हणाला, "परफेक्ट फिट, माय फ्रेंड! गॉड ब्लेस यू!" आणि मावळत्या सूर्याच्या दिशेने झपाझप चालू लागला. वार गुरुवार, दिशा पश्चिम, दिशाशूल नाही. सगळं अगदी शास्त्रोक्त. फक्त त्या बुटांत मी नव्हतो. मागून घ्यायचे? ज्याच्या डोळ्यांत सकाळी पाणी पाहिलं, त्याच्याकडून?

मुग्धाने ते तीन जोड घरात आणले नाहीत. रात्रभर गाडीच्या डिकीतच ठेवले. "तुमचं दुसरं पथ्य, बाबा," एवढंच म्हणाली. मला मान वर करवेना.

शुक्रवारी विमानात बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दरीच्या तोंडाशी पोचलो. उंचच उंच लाल भिंती, मध्ये निळ्या आकाशाची एक पट्टी. मुग्धा सगळ्यांच्या पुढे, भक्कम पावलं टाकत उतरत होती. बुटांच्या टोकांवर लाल दिसत होतं, त्यात माती किती आणि कुंकू किती, ते ओळखू येत नव्हतं. मीही तिच्यामागे निघालो, पायांत घरातल्या सपाता घालून.

पायवाटेच्या सुरुवातीला रेंजरबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या सपातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि गुरुवारी सकाळी ज्या प्रश्नाच्या भीतीने मी तोंड उघडलं नव्हतं, तोच नेमका मोठ्या अदबीने विचारला.

"सर, कुठे निघालात?"

मी शेजारच्या बाकावर बसलो आणि म्हणालो, "कुठेच नाही."