फुंकरवाल्या बाई

रुग्णालयात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर. बाकी सगळे ‘फुंकरवाल्या बाई’ म्हणतात. एक्स-रेच्या खोलीपलीकडे त्यांची एवढीशी खोली, दोन खुर्च्या आणि टेबलावर डब्याएवढं यंत्र. त्यात दहा सेकंद संथ फुंकायचं. श्वासनळ्या आतून सुजल्या असतील तर श्वासातला एक वायू वाढतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. पंचवीसच्या आत असला की बरं, पन्नासच्या वर गेला की काळजी. अब्ज कणांत पंचवीस! ना सुई, ना रक्ताचा थेंब. एकोणीस वर्षं झाली, तरी आकडा उमटताना बाईंच्या अंगावर काटा येतो. का नाही येणार? जन्मभर आपण बिनदिक्कत बाहेर टाकतो ती हवा, आणि तिच्यात एवढं सगळं भरलेलं!

शिस्त मात्र कडक. “मेणबत्ती विझवायची नाहीये काका, ज्योत नुसती हलवायचीय,” हे दिवसातून तीसदा. भलेभले धिप्पाड गडी इथे चौथ्या सेकंदाला गार पडतात.

त्यांच्या थोरल्या भावाने या खोलीत यायला महिनोन्महिने टाळाटाळ केली. बेकरीवाला माणूस, पीठ मळता मळता धाप लागायची, तरी म्हणायचा, वय झालं. शेवटी बाईंनी त्याला जवळजवळ ओढतच आणलं. आकडा आला ऐंशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिठाची धूळ बाधत असणार. दोन आठवडे बेकरीत पाऊल टाकू नका, आकडा उतरला तर खात्री पटेल. खात्री पटली तर तीस वर्षांची बेकरी सुटणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

आठवड्याने आकडा सेहेचाळीस. भाऊ हिरमुसला. पुढच्या आठवड्यात मात्र गालातल्या गालात हसत आला आणि त्याने फुंकलं. एकोणऐंशी.

“बघ! घरी बसूनही चढला. पिठाचा काही संबंध नाही. लिही तसं.”

बाईंनी पेन उचललं नाही. “दादा, या आठवड्यात बेकरीत कितीदा गेलास?”

“छे!”

“दादा.”

“रोज. तासभर,” त्याचा चेहरा पडला. “कुणी चुगली केली?”

“तूच. आत्ता, दहा सेकंद.”

थापेबद्दल त्याला फैलावर घ्यायचं बाईंच्या मनात होतं, पण नजर पडद्यावरच्या आकड्यावरून हलेना. सख्ख्या बहिणीपासून लपवलेलं या माणसाच्या फुंकरीने सांगून टाकलं होतं. भाऊही यंत्राकडे बघत राहिला, देवासमोर बसल्यासारखा.

“पोरगी एकटी मळत होती गं,” तो म्हणाला. “तिला झेपेना, म्हणून गेलो.” मग आवाज खाली आला. “तीही हल्ली खोकते. मी म्हटलं, सर्दी असेल.”

बाई काही बोलायच्या आत त्याने फोन लावला.

“हात धू. भट्टी विझव, कुलूप लाव आणि तशीच दवाखान्यात आत्याकडे ये,” तो म्हणाला. “नाही, उद्या उघडायची नाहीये.”