धरणात गेलेली बाटली

माझ्या साडूइतका दारू सोडण्यात रमलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि ज्या प्रसंगाने त्याची दारू सुटली तो प्रसंग तसा घडलाच नव्हता, ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेली नाही.

पिणं सुटलं की माणसं त्या विषयावर गप्प होतात. मी झालो. साडू मात्र लग्नात, बँकेत, एसटीत, नवा माणूस दिसला की हात जोडतो, "राम राम. मी सुटलेला बेवडा." पोरीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही त्याने हेच ऐकवलं. आत मेहुणी कपाळ बडवून घेत होती, पाहुणे उठायच्या बेतात होते, तर हा म्हणतो, "बसा की. न पिणारे सासरे लय भेटतील, पिऊन सोडलेला एक दाखवा." सोयरीक जुळली! डॉक्टरांनी सांगितलं होतं, तलफ आली की तोंड चालू ठेवा. तेव्हापासून त्याचे दोन्ही खिसे फुटाण्यांनी फुगलेले. एकदा आम्ही कुणाच्या मयतीनंतर बसायला गेलो, तर रडणं जरा थांबलं तेवढ्यात कुडुमकुडुम. सगळ्यांनी वळून पाहिलं. याने शांतपणे मूठ यजमानापुढे केली, "घ्या. दुःखावर बी चालतात." आणि यजमानाने घेतले की हो. वारंगा फाट्याची तर त्याने धास्तीच घेतलेली. तिथल्या दारूच्या पाट्या नजरेला पडू नयेत म्हणून कळमनुरी सुटली की तो एक विरलेला टॉवेल डोक्यावरून ओढून बसतो. एकदा उतरायचं होतं फाट्यावरच, पण टॉवेलाखाली डोळा लागला, आणि मला फोन आला, "साडूभाऊ, मी नांदेडात हाय. पण शुद्धीत हाय!"

त्या टॉवेलाचीच तर गोष्ट आहे. आमची सासुरवाडी सिद्धेश्वर धरणाजवळ. धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात, जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायची रीत. त्या वर्षी सासूबाईंनी आम्हाला पाटावर बसवून ओवाळलं, सासऱ्यांनी टॉवेल-टोपी दिली, आणि त्याच कोऱ्या टॉवेलात बाटली गुंडाळून आम्ही दोघे जावई धरणावर गेलो. दोघांत एकच बाटली. साडू तांब्या घेऊन दगडांवरून खाली पाण्याकडे उतरला. तो वर येईपर्यंत बाटली सदऱ्यात दडवावी आणि फुटली म्हणून सांगावं, असं माझ्या मनात आलं. नुसतं आलं नाही, मी दडवू लागलो. कोऱ्या टॉवेलाची खळ गुळगुळीत. बाटली निसटली, दगडावरून उडाली आणि साडूच्या डोक्यावरून थेट पाण्यात. डुबुक. त्याने वर पाहिलं तेव्हा तिला धरायला पुढे केलेला माझा हात तसाच हवेत होता.

"फेकली?"

मी होकारार्थी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

तांब्या तिथेच टाकून तो वर आला, माझे पाय धरले. "तुमी फेकू शकता, मंग मी काहून न्हाई?" पुढची थरथर, दवाखाना, गोळ्या, सगळं दोघांनी मिळून काढलं. लाजेकाजेने का होईना, मीही पुन्हा प्यालो नाही. टॉवेल त्याने मागून घेतला. आणि तेव्हापासून धोंड्याचा महिना आला की तो मला त्या दगडांवर नेतो, देवाला नेल्यासारखं.

यंदा मी सांगायचं ठरवूनच गेलो. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेलेलं. साडू आधी गाळात बाटली शोधून आला. मग शेजारी बसला. मी घसा साफ केला.

"साडूभाऊ, त्या दिवशी ती बाटली..."

"थांबा! तुमाला सांगता येत न्हाई," म्हणून त्याने जवळच जाळं सोडवत बसलेल्या भोयाला पकडलं. त्याच्या कथेत दर खेपेला बाटली मोठी होते. यंदा मी ती गरगर फिरवून भिरकावली आणि वर गर्जनाही केली.

"भरलेली व्हती?" भोयाने विचारलं.

"सीलबंद!"

"मंग वाया गेली म्हणा."

"वाया काहून? दोन माणसं निघाली न त्याच्यातून!"

भोई हसून जाळ्याकडे वळला. साडूने खिशातून फुटाणे काढले आणि आवाज उतरवून मला म्हणाला, "खरं सांगा. फेकताना तकलीफ झाली असंल न तुमाला?"

"गेली तेव्हा लय झाली," मी म्हणालो. तेवढंच खरं बोललो.

त्याने समजून मान डोलावली. मग फुटाण्यांचे दोन वाटे केले आणि मोठा वाटा माझ्या हातावर ठेवला. आम्ही ते संपेपर्यंत पाण्याकडे बघत बसलो.

त्याच दगडावर बसून, त्याच्या तोंडावर सांगायचं एक वाक्य मी अजून त्याचं देणं लागतो: बाटली मी फेकली नव्हती, साडूभाऊ, तुमच्यापासून लपवताना ती निसटली.