वाऱ्यावर थंड होणारी गाडी

माझी पहिली गाडी मला मनोरीला कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली.

ऑफिसातल्या आम्ही सात-आठ जणी रविवारी सहलीला गेलो होतो. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे, मग माडांतून चालत किनाऱ्याकडे. वाटेत एका बंगलीत मी पाणी मागायला गेले. मागच्या पडवीत जाळ्यांच्या ढिगाखालून दोन गोल दिवे माझ्याकडे बघत होते. त्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउट असायचा म्हणून सगळ्यांनीच गाड्यांचे दिवे तसे रंगवले होते. ह्या गाडीचा रंग पुसायला नंतर कुणी आलंच नव्हतं.

मी जाळी बाजूला केली. छोटी, गोल पाठीची, जर्मन बनावटीची गाडी होती. मूळ रंग बहुधा फिकट हिरवा. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

गाडी तिथल्या एका डॉक्टरांची. ते वारून दोन वर्षं झाली होती. पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या पत्नी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"चालते का हो ही?" मी विचारलं.

"डॉक्टर होते तोवर चालायची."

"विकणार?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नेतेस तर ने, बाय. जे द्यायचं ते दे. कोंबड्या मात्र माझ्या."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. अंधेरीतल्या एका यंत्रांच्या कारखान्यात ट्रेसर म्हणून कामाला होते. म्हणजे दुसऱ्यांनी पेन्सिलीने काढलेलं यंत्राचं चित्र खाली ठेवायचं, त्यावर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईने गिरवायचं. आठ वर्षं मी दांडे, चाकं, पिस्टन गिरवत होते. त्यातल्या एकाही वस्तूला माझा हात कधी लागला नव्हता. यंत्रं प्रत्यक्ष बनत त्या शेडमध्ये जायला बायकांना बंदी नव्हती, पण आम्हाला तिकडे कुणी बोलवतही नसे. म्हणूनच असेल, ती गंजलेली गाडी बघून मला पहिल्यांदा वाटलं की हिला आपण हात लावू शकतो.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "लग्नाचं बघायचं सोडून गाडी बघून आलीस?" बाबा गिरणीतून नुकतेच निवृत्त झाले होते. तीस-बत्तीस वर्षं साचाखात्यात, म्हणजे मागांवर काढलेली, शेवटी जॉबर, म्हणजे मुकादम. घरी बसून त्यांचे हात शिवशिवत असत. दहिसरला नदीजवळच्या आमच्या बैठ्या चाळीत घरापुढे थोडी मोकळी जागा होती. तिथे ते दिवसभर दोरीच्या गाठी मारत आणि सोडत बसायचे.

दुसऱ्या रविवारी ते माझ्याबरोबर मनोरीला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून मागचं झाकण उघडलं आणि आत बराच वेळ बघत राहिले.

"मशीन गंजता," ते शेवटी म्हणाले, "पण मरना नाय."

बाबांचा होकार असाच असायचा.

गाडी खाडीपलीकडे आणायची कशी, हा प्रश्न होता. उत्तनवरून फिरून येणारा रस्ता भाईंदरला निघत होता, पण तो पावसाने उखडलेला, आणि हिची दोन चाकं जेमतेम फिरत होती. डॉक्टरीणबाईंनी गावातल्या एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला बोलावलं. उंच, काळा, साठीचा माणूस. त्याने गाडी बोटांनी मोजली.

"दोन होऱ्या जोरू," तो म्हणाला. "वर फल्या. पुनवेची भरती येवंदे. पन बाय, तुजी गारी बुरली तं मना बोल लावू नको."

आधी आम्ही इंजिन उतरवलं. त्या गाडीचं इंजिन मागे असतं आणि चार नटांवर बसलेलं असतं, हे बाबांनी तिथेच चाचपून शोधून काढलं. ते वेगळं हातगाडीवर घातलं. पौर्णिमेला दुपारी भरती इतकी चढली की होड्यांचे काठ धक्क्याच्या बरोबरीला आले. दोन होड्या दोरखंडांनी एकमेकींना बांधल्या, आडव्या फळ्या टाकल्या, आणि दहा-बारा कोळ्यांनी 'हय्या' करत गाडी ढकलत वर घेतली. होड्या एकदम इतक्या खाली बसल्या की काठावरच्या बायका ओरडल्या.

मी आत स्टीअरिंगशी बसले होते. कुणीतरी चाकं सरळ धरायला हवी होती. बाबा बाहेर बंपरला धरून उभे. खाडीच्या मध्यावर प्रवाशांची होडी जवळून गेली, तिच्या लाटेने दोन्ही होड्या डचमळल्या आणि गाडी वीतभर सरकली. मी डोळे मिटले. हातब्रेक दोन्ही हातांनी ओढून धरला. उघडले तेव्हा बाबा आणि तांडेल गाडीच्या दोन बाजूंना पाठी लावून उभे होते, आणि तांडेल हसत होता.

"काय नाय झाला. दर्याला वास घेवाचा व्हता."

मार्व्याला वाळूवर उतरवली तेव्हा सहलीला आलेली माणसं भोवती जमून टाळ्या वाजवत होती. तिथून गवताच्या एका लॉरीला दोरखंड बांधून आम्ही मालाड, कांदिवली, बोरिवली करत दहिसरला पोचलो. सगळी चाळ बाहेर आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे कासव कुठून आणलंस?" तेव्हापासून ती कासवच झाली.

पुढचे सहा महिने माझी प्रत्येक संध्याकाळ आणि प्रत्येक रविवार त्या कासवात गेला. माहितीपुस्तक नव्हतं. म्हणून मी नियम केला: कुठलाही भाग काढण्याआधी त्याचं चित्र काढायचं, कुठे होता, कसा बसला होता, कुठला बोल्ट कुठे. वहीची पानं भरत गेली. सिलिंडरमध्ये पिस्टन मिठाच्या हवेने घट्ट धरले होते. बाबांनी प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि तेल सोडलं आणि रोज चहा झाल्यावर पान्याने इंजिन फिरवून बघायला सुरुवात केली. रोज मी ऑफिसातून आले की विचारायची, "हललं?" ते मान हलवायचे. तीन आठवडे हे चाललं. एका संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच त्यांचा आवाज आला, "हललां! गो, हललां!" बाबा पान्यासकट रस्त्यात आले होते. बनियनवर. बाबांना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

चोरबाजारातून काही भाग मिळवले. तळाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडून घेतला. मी अंधेरीच्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकून लायसन्स काढलं. गाडी अंगणात सुरू झाली त्या दिवशी आईने तिला हळदकुंकू लावलं आणि चाळीत पेढे वाटले.

मग मी ती ऑफिसला घेऊन निघाले, आणि फजिती झाली.

बोरिवलीपर्यंत छान गेली. कांदिवलीच्या पुढे जळका वास येऊ लागला. ताकद कमी होत गेली, टकटक आवाज सुरू झाला, आणि तेव्हाच्या घोडबंदर रोडवर भर सकाळी कासव बंद पडलं. माणसं जमली. एकाने मदतीला म्हणून पुढचं झाकण उघडलं आणि ओरडला, "बाई, तुमचं इंजिन चोरीला गेलं!" सगळे हसले. तेवढ्यात स्कूटरवरून आमचे हेड ड्राफ्ट्समन साहेब चालले होते. ते थांबले. गाडीकडे पाहिलं, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"गिरवणं सोपं असतं," ते म्हणाले आणि निघून गेले.

ते वाक्य मला गाडीच्या धुरापेक्षा जास्त झोंबलं. त्या दिवशी मी ऑफिसला गेलेच नाही. गाडी परत ओढून आणली. एक व्हॉल्व्ह जळाला होता. नशीब, पिस्टन वाचले होते.

पण चूक कुठे होती ते कळेना. बाकीच्या गाड्यांसारखं ह्या इंजिनाला पाणी लागत नाही, एवढं आम्हाला माहीत होतं. एक पंखा असतो, तो हवा मारतो, इंजिन थंड राहतं. पंखा तर झकास फिरत होता! मी चित्रांची वही अंगणात पसरून बसले. आई जवळच शेगडी पेटवत होती. विणलेल्या पंख्याने शेगडीच्या खालच्या तोंडाशी वारा घालत होती.

"काय अडलंय एवढं?" तिने विचारलं.

"अगं, वारा भरपूर आहे. तरी तापतंय."

"जातो कुठे तो वारा?"

"जातो म्हणजे?"

"हे बघ." तिने पंखा शेगडीच्या तोंडापासून जरा बाजूला नेऊन हलवला. कोळसे तसेच काळे राहिले. "वारा नुसता घालून काय उपयोग? पाहिजे तिथे जायला नको का?"

मी वहीची पानं भराभर उलटली. अकराव्या पानावर होते ते: सिलिंडरांना वरून, खालून, बाजूंनी वेढणारे पत्र्याचे वाकडेतिकडे तुकडे. उतरवताना मी त्यांची नीट चित्रं काढली होती. पत्रे गंजून पापडासारखे झालेले, म्हणून बाबांनी "ही नुसती झाकणां" म्हणत भंगारवाल्याला दिले होते, आणि मीही मान डोलावली होती. मी पंख्यापासून बोट फिरवत गेले. पत्रे असले की वारा सिलिंडरच्या मागच्या बाजूपर्यंत जात होता. पत्रे नसले की तो मोकळा सुटून भलतीकडेच. ती झाकणं नव्हतीच. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीला जशा नळ्या, तसे हिला ते पत्रे.

बाबांना सांगितलं. त्यांनी वही हातात घेऊन अकरावं पान डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, "चूक माझी."

"सही दोघांची आहे बाबा," मी म्हटलं. "आता बनवूया."

तो आठवडा मी कधीच विसरणार नाही. वहीतली चित्रं होती, पण मापं अर्धीच. इंजिनाला पुठ्ठा लावून, कापून, वाकवून मी एकेक पत्रा नव्याने बेतला आणि मग खऱ्या मापाची चित्रं काढली. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या कागदाखाली दुसऱ्या कुणाचा कागद नव्हता.

बोरिवलीच्या बाजारात ट्रंका आणि धान्याचे डबे बनवणारा एक पत्रेवाला होता. त्याच्यासमोर मी ती चित्रं ठेवली.

"ही कसली पेटी?" तो म्हणाला. "हिला तळही नाही, झाकणही नाही."

"वाऱ्याची पेटी आहे."

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. पण कात्री घेतली. दुसऱ्या रविवारी बाबा आणि मी तुकडे बसवायला लागलो. पहिला बसला. दुसरा बसला. सातही बसले. पत्रेवाला मुद्दाम बघायला दहिसरला आला होता. त्याने सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "अर्ध्या सुताचाही फरक नाही. ताई, तुमचं चित्र खोटं बोलत नाही."

सोमवारी मी गाडी घेऊन अंधेरीला गेले. न थांबता. फाटकातून आत नेली, साहेबांच्या स्कूटरशेजारी उभी केली, आणि ती सात चित्रं त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"हे मी काढलंय, साहेब. गिरवलेलं नाही. ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी माझा विचार करा."

त्यांनी चष्मा लावून सगळी चित्रं पाहिली. उठून खिडकीशी गेले, खाली गाडी पाहिली. परत येऊन बसले. "ह्या कंपनीत बाई ड्राफ्ट्समन कधी झाली नाही," ते म्हणाले. मग एका पंपाचा जुना भाग ड्रॉवरमधून काढून माझ्यापुढे ठेवला. "ह्याचं करून दाखवा. उद्या."

मी त्याच दुपारी करून दिलं. महिन्याभरात माझं टेबल ट्रेसरांच्या खोलीतून हलून खिडकीजवळ गेलं. साहेब कधी गोड बोलले नाहीत, पण त्यानंतर माझ्या चित्रांवर त्यांनी लाल पेन्सिल क्वचितच चालवली.

मे महिन्यात आम्ही तिघं गावी निघालो. आजवर बाबा गावी गेले ते बोटीने किंवा एसटीने. ह्या वेळी ते माझ्या शेजारी बसले होते, मांडीवर पान्यांची पिशवी घेऊन, कधीही लागेल म्हणून. दुपारी कशेडी घाट लागला. ऊन असं की डांबर चिकटत होतं. चढाला प्रत्येक वळणावर एखादी गाडी झाकण उघडून उभी, वाफ सोडत. ड्रायव्हर डबे घेऊन ओढ्याकडे चाललेले. मी दुसऱ्या गिअरमध्ये चढत राहिले. कान मागे लावलेले. आवाज एकसारखा होता, शिलाई मशीनसारखा.

"आवाज बरो आसा," बाबा म्हणाले. "तू फुडे बग, मी मागे बगतंय."

मध्ये एका वळणावर दगड ठेवून रस्ता अडवलेला होता. बंद पडलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर डबा घेऊन आमच्याकडे आला. "पाणी पाहिजे का, घाला रेडिएटरमध्ये."

बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "गाडयेक नको. माका दी."

ते घटाघटा प्यायले, आईला दिलं, डबा परत केला. दगड बाजूला झाले आणि आम्ही त्या उभ्या गाड्यांच्या रांगेला एकामागून एक मागे टाकत वर निघालो. आईने तर एका मोठ्या परदेशी गाडीतल्या बाईला हात हलवून निरोप दिला. मला हसू आवरेना.

माथ्यावर चहाची टपरी होती. आम्ही थांबलो. मी इंजिनाचं झाकण उघडलं, पत्र्यावर पालथा हात ठेवून बघितला. गरम होता, पण हात ठेवता येत होता. टपरीवरचे दोघं-चौघं जण जवळ आले. इंजिन मागे बघून नवल करू लागले. एकाने बाबांना विचारलं, "कुठल्या गॅरेजात केलीत हो?"

माझ्या बाबांनी मला आयुष्यात कधी शाबास म्हटलं नव्हतं. मॅट्रिक झाले तेव्हाही नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"माझ्या चेडवान केल्यान," ते म्हणाले. मग त्या माणसाला नीट कळावं म्हणून शहरी मराठीत, जरा मोठ्याने, पुन्हा सांगितलं, "माझ्या मुलीने. तिने आधी कागदावर काढली, मग बांधली."

मी झाकण लावलं, कारण मला तोंड दुसरीकडे करायचं होतं. आई गाडीत जाऊन बसली होती आणि हॉर्न वाजवत होती. रात्रीपर्यंत गाव गाठायचं होतं, आणि समोर सगळा उतार होता.