हारूनभायने न जाळलेली पत्रं

हारून मुकादमला मी बावीस वर्षं ओळखतो आणि त्यातली निदान वीस वर्षं मी त्याच्यावर चिडलेला आहे. शुक्रवारी दुपारी तो कुवेतच्या फरवानियात माझ्या टेबलापाशी येऊन बसायचा. मी डबा उघडला की खाली काय अंथरलंय ते आधी बघायचा. अरबी वर्तमानपत्र असलं तर माझा डबा उचलून धरायचा, पेपर काढायचा, नीट घडी घालून कपाटावर ठेवायचा, आणि इंग्रजी पेपर अंथरून मग डबा खाली. "त्यात अल्लाचं नाव असतां कुठंतरी," म्हणायचा. "अरे, त्यात टायरची जाहिरात आहे!" मी ओरडायचो. वाचता मला येतं, आणि अक्कल हा मला शिकवणार.

मी चिपळूणचा मोरेश्वर. लोकांचे अर्ज अरबीत टाइप करून देणं हा माझा धंदा. हवालदारापासून हकिमापर्यंत कोणाचंही गिचमीड हस्ताक्षर मला लागतं. हारून दाभोळच्या खाडीकडचा. कुराण घडाघडा वाचणार, पण छापील आणि जेर-जबरच्या उच्चारखुणा लावलेलं. बोलायला अरबी फर्डं, पण हाताने लिहिलेला कागद समोर धरला की वरचं 'बिस्मिल्ला' तेवढं ओळखणार, खालचं सगळं त्याला मुंग्यांची रांग.

आणि नेमक्या याच गुणावर त्याला नोकरी मिळाली होती. जाब्रियात एक वयस्क गृहस्थ राहायचे, त्यांना सगळे 'मुस्तशार' म्हणत. मुस्तशार म्हणजे सल्लागार. एका देशाच्या राष्ट्राध्यक्षांचे मंत्रिमंडळातले सगळ्यात वरचे सल्लागार होते ते. देशाचं नाव मी लिहीत नाही, माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, अजून चालू आहे. तिथल्या मंत्र्यांशी बिनसलं म्हणून राजीनामा देऊन ते कुवेतला मुलीकडे आले. मुलगी, सफिया, इथे डॉक्टर. पण राष्ट्राध्यक्षांचं त्यांच्यावाचून पान हलेना. फोनवर दोघांचाही विश्वास नव्हता. मग दर पंधरवड्याला कोणीतरी प्रवासी खजुराचा किंवा मिठाईचा खोका घेऊन यायचा, त्यात राष्ट्राध्यक्षांचं हाताने लिहिलेलं पत्र. मुस्तशार ते वाचायचे, कच्चं उत्तर लिहायचे, खाडाखोड करायचे, मग पक्कं लिहून पाठवायचे. उरलेले कागद, म्हणजे आलेलं पत्र आणि कच्चं उत्तर, हारूनच्या हातात. "जाळ," एवढंच म्हणायचे. गच्चीवर एक पत्र्याचा डबा त्यासाठीच ठेवला होता.

एकोणीस वर्षं हारूनने हे काम केलं. म्हणजे केलं असं सगळे समजत होते, मीसुद्धा.

मुस्तशार या फेब्रुवारीत वारले. हारून पोरका झाल्यासारखा दिसत होता. "बाबांनी मला कधी 'अरे' म्हणून हाक नाय मारली," हे त्याने मला किती वेळा ऐकवलं असेल याला गणती नाही. मुस्तशारांना तो बाबाच म्हणायचा. त्यांच्या देशात मात्र उलथापालथ झाली होती. राष्ट्राध्यक्षांना लोकांनी हाकलून दिलं, चौकशी आयोग बसला. नऊ वर्षांपूर्वी राजधानीच्या चौकात धरणं धरून बसलेल्या कॉलेजच्या पोरांवर गोळीबार झाला होता. तीनशेच्या वर पोरं गेली. त्याचीच ही चौकशी. राष्ट्राध्यक्ष आयोगापुढे सरळ म्हणाले की, मी माझ्या मुस्तशारांच्या सल्ल्याने वागलो. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

सफिया खवळून उठली. सोमवारी व्हिडिओवर आयोगापुढे जबानी द्यायचं तिने ठरवलं. हारून चहा करत होता, तेव्हा ती त्याला रडत म्हणाली, "बाबांनी गोळीबार थांबवा म्हणून लिहिलं होतं. मला त्यांनी स्वतः सांगितलंय. पण एक चिठोरं माझ्याकडे नाही. सगळं तुझ्या हातून जाळलं."

त्या शुक्रवारी हारून माझ्याकडे आला तो सुटकेस ओढत. आत दूध पावडरचे चार मोठे डबे. झाकणं चिकटपट्टीने बंद केलेली.

"मोरू, मी जाळली नव्हती."

"काय जाळलं नव्हतंस?"

"बाबांची कागदां. वर बिस्मिल्ला लिवलेली असायची रे पत्येक कागदावर. ती आगीत कशी टाकू? आमच्याकडं असली पानां गोळा करून, दगड बांधून, होडीतनं खाडीत सोडतात. इथं मशिदीत पेटी असते, पन बाबांचं गुपित लोकांच्या हातात कसं देऊ? म्हटलं, ठेवू. फहाहीलला कोनीतरी मच्छीवाला गाठून एक दिवस समुद्रात सोडू. राहिलं ते राहिलंच."

"आणि गच्चीवर धूर कसला निघायचा?"

"किरान्याच्या बकाल्यातनं मल्याळम पेपर आनायचो. तेच जाळायचो."

मी कपाळावर हात मारला. एका राष्ट्राध्यक्षाचं गुप्त दफ्तर या बाबाने एकोणीस वर्षं बारा जणांच्या खोलीत खाटेखाली ठेवलं होतं! "तुला कळतंय का, पोलिसांत गेलं तर चोरी म्हणतील? हातात विमानाचं तिकीट तरी देतील का, की आधी तुरुंग?" मी त्याला फाडून खाल्लं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र लग्नघरातला आनंद. "बाबांचं नाव धुवून निघेल आता. पन देन्याआधी तू बघ. भलतंच काय असलं, किरान्याची यादी-बिदी, तर पोरीपुढं माझी शोभा व्हायची."

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आम्ही डबे उघडले. हारूनने आधी हातपाय धुतले, मलाही धुवायला लावले.

पहिली पत्रं वाचताना मला हसूच येत होतं. राष्ट्राध्यक्षांचे गुडघे दुखतात. अर्थमंत्री खोटारडा आहे असा त्यांना संशय आहे. जावई सरकारी बंगला सोडत नाही, काय करू? आणि इकडून मुस्तशारांचं उत्तर: गुडघ्याला शेकून घ्या, अर्थमंत्र्याला राजदूत करून लांब पाठवा, जावयाचं पाणी तोडा. देश असा चालतो हे वाचून मी थक्क झालो. हारून प्रत्येक पत्रानंतर मान डोलवायचा. "हुशार मानूस! सांगत नव्हतो?"

मग तिसऱ्या डब्यात तो आठवडा सापडला. राष्ट्राध्यक्षांचं पत्र छोटं होतं. 'पोरं उठत नाहीत. सैन्य परवानगी मागतंय. माझी दोन नातवंडं याच वयाची आहेत, माझा हात धजत नाही. तुम्ही सांगाल तसं.'

त्याला टाचणी लावलेला मुस्तशारांचा कच्चा कागद. वर बिस्मिल्ला, सुरेख वळणाचं. मी मोठ्याने मराठीत सांगायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीला माझी जीभ अडखळली. मी थांबलो. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय झालां? बोल की," हारून म्हणाला.

"त्यांनी लिहिलंय, पहाटेच्या नमाजानंतर लगेच करा. चौकातून बाहेर पडणारे तिन्ही रस्ते आधी बंद करा. लोक महिनाभर रडतील, मग विसरतील."

"नाय."

"इथे 'आधी हवेत गोळ्या झाडून' असं लिहिलं होतं. ते खोडलंय."

"तू चुकतोस. परत वाच."

मी परत वाचलं. त्याने माझ्या हातातून कागद हिसकावला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. "तुला आमचं अरबी काय कळतंय रे? फॉर्म भरन्यापुरतं येतां तुला! बाबा असं लिवनारच नाय. मुंगी मारली नाय त्या मानसानं!" मीही तडकलो असतो, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो कागदावर बोट फिरवत, जे जे अक्षर ओळखू येईल ते जोडायचा प्रयत्न करत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पहिलीतल्या मुलासारखा. बोट कडेच्या कोऱ्या जागेवर येऊन थांबलं. तिथे पेन्सिलीने, तिरकं काहीतरी लिहिलेलं होतं.

"हे माझं नाव हाय," तो म्हणाला. "इकाम्यावर असंच लिवतात. मोरू, इथं माझं नाव का हाय?"

मी बघितलं. वाचून झाल्यावर वाटलं, खोटं सांगावं. पण त्याने माझं मनगट धरलं होतं.

"लिहिलंय, 'हारूनच्या मुलीचं लग्न. सोन्याच्या दोन बांगड्या. विसरायचं नाही.'"

मग त्याने तारीख विचारली. मी सांगितली. रबियाचं, त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न त्याच महिन्यात झालं होतं. "त्या दिवशी मी सुट्टी मागायला गेलो होतो," तो म्हणाला. "बाबा लिवत बसले होते. मी चहा ठेवला. त्यांनी पेन खाली ठेवलान, मला खुर्चीवर बसवलान. पोरीचं नाव विचारलान, जावई काय करतो विचारलान. मग दुवा दिल्यान. मी बाहेर आलो नि रडलो रे. एवढा मोठा मानूस, माझ्यासाठी लिवायचा थांबला."

तो माणूस कुठल्या ओळीवर थांबला असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं. खोडायच्या आधी की खोडल्यावर?

मी भित्रा आहे, ते लपवत नाही. मी हारूनला म्हटलं, आजच फहाहीलला जाऊ, सगळं समुद्रात सोडू, पोरीला काही कळायची गरज नाही. बापाचं तेवढं तरी राहू दे तिच्याकडे. हारूनने डब्यांची झाकणं लावली. "त्या तीनशे पोरांना बापच नव्हते काय?" एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी आम्ही जाब्रियाला गेलो. मी कशाला गेलो? त्याला एकट्याला पाठवायला जीव होईना म्हणून. सफियाने दार उघडलं. हारूनने आधी आपला गुन्हा सांगितला: मी तुमच्या वडलांचं ऐकलं नाही, काय ती शिक्षा द्या. डबे बघून ती त्याच्या गळ्यातच पडायची बाकी होती. हसत होती, रडत होती. मला त्या हसण्याकडे बघवेना. हारूनने तो कागद वेगळा काढून तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिने उभ्याने वाचलं. मग पायरीवर बसून वाचलं. खोडलेली ओळ उजेडात धरून वाचली. मला खात्री होती की ती आता कागद फाडणार आणि हारूनचा इकामा रद्द करणार. ती फक्त म्हणाली, "मला अक्षरं गिरवायला यांनीच शिकवली होती," आणि आत निघून गेली.

सोमवारी तिने आयोगापुढे तेच पत्र वाचून दाखवलं. पूर्ण. हे माझ्या वडलांचं हस्ताक्षर आहे, मी ओळखते, असं सांगितलं. मी ते माझ्या मोबाइलवर बघितलं आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा बघितलं. एवढी छाती माझ्यात नाही, एवढं नक्की.

हारूनला तिने नोकरीतून रीतसर मोकळं केलं. परवा तो फरवानियाला आला, माझ्यासमोर बसला आणि रबियाला फोन लावला. त्याला ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकरवर.

"रबिया, त्या बांगड्या हायेत ना हातात?"

"कंच्या, अब्बा?"

"लग्नातल्या. बाबांनी दिलेल्या. आधी काढ त्या. घरात ठेवू नको."

मग रबिया चाचरत म्हणाली, "अब्बा, रागावू नका. त्या कवाच मोडल्या मी. तुमाला सांगितलं नाय. घराच्या स्लॅबला कमी पडत होतं ना, त्यात घातल्या. तुमची वरची खोली त्याच्यातच झाली. पंखा लावून ठेवलाय तुमच्यासाठी. कधी येताय?"

हारून माझ्याकडे बघत राहिला. फोनमधून "अब्बा? अब्बा?" चालू होतं. त्याने फोन माझ्या हातात दिला.

"तू बोल," म्हणाला.

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.